शेजपाळी

कालवा बंद झाला म्हणजे मला जाग येते. आमचे घर बारामतीत नीरा डाव्या कालव्याच्या कडेला आहे, आणि आवर्तन चालू असते तेव्हा रात्रभर पाण्याचा एक खर्जातला, अखंड ध्वनी कानांशी असतो. त्याची इतकी सवय झाली आहे की तो ऐकू म्हणून येत नाही. मात्र ज्या रात्री वर वीरच्या बाजूला दरवाजे पडतात आणि पाणी हळूहळू ओसरते, त्या रात्री सर्वत्र पसरलेली ती शांतता, कोणी खांद्याला हात लावून हलवावे, तशी मला उठवते. गेल्या रविवारी असेच झाले. चारचा गजर व्हायला अजून वीस मिनिटे होती, अंधार होता, गुडघ्यांत कळ होती, आणि पहिल्याच क्षणी मनात आले ते प्रामाणिकपणे सांगायचे तर एवढेच की आज नको. पुढच्या रविवारी जाऊ.

शेजारच्या कॉटवरून आवाज आला, "अहो, उठताय ना? सहाची गाडी."

मी ज्या मंडळीचा सभासद आहे तिची सभा पुण्यात भरते. बारामती ते स्वारगेट हे अंतर सुमारे शंभर किलोमीटरचे, एसटीने अडीच-तीन तासांचे. म्हणजे दोन तासांच्या उपासनेसाठी जाऊन येऊन सहा तासांचा प्रवास. लोक आम्हांला मॉर्मन म्हणतात. मंडळीचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे लांबलचक आहे, आणि ते पूर्णच घ्यावे असा २०१८ पासून वरिष्ठांचा आग्रह आहे, परंतु एसटीच्या बाकावर शेजारच्याने "पुण्याला कशाला?" असे विचारल्यावर मी "प्रार्थनेला" एवढेच सांगतो, आणि तेवढ्याने त्याचे समाधान होते. वारीच्या वाटेवरच्या गावांतली ही माणसे. प्रार्थनेसाठी लांब जावे लागते यात त्यांना नवल वाटत नाही. दर आठवड्याला जावे लागते, याचे मात्र थोडे वाटते.

आणि खरे सांगतो, मलाही वाटते. हुरूप ही वस्तू आठवड्याच्या मापाने येत नाही. कधी ती बुधवारीच येते आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत विरून जाते. कधी महिना महिना येत नाही. मग जो माणूस दर रविवारी पहाटे उठतो, तो कशाच्या बळावर उठतो, हा प्रश्न मी स्वतःला गेली दहा-बारा वर्षे विचारीत आलो आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून मला जे काही सुचते ते धर्मशास्त्रातून न येता माझ्या जुन्या नोकरीतून येते.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. सेवेचा बहुतेक काळ इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेपटाकडच्या भागात गेला. १८७६-७७ च्या दुष्काळात भुकेल्या माणसांच्या हातून ज्याच्या खोदाईची कामे झाली, तो हा कालवा. १८८५ च्या सुमारास त्यात पाणी खेळू लागले आणि पुढे भाटघरच्या धरणाने त्याला बारमाही आधार दिला. विश्वेश्वरय्यांनी पाणीवाटपाची आपली ब्लॉक पद्धत गेल्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर बसविली. सुमारे शंभर मैलांच्या या प्रवाहात वरच्या अंगाला पाणी मुबलक, आणि शेवटाला, म्हणजे आमच्या भाषेत टेलला, पाण्याची बातमी आधी येते आणि पाणी मागाहून. सात नंबरचा अर्ज भरून घ्यावा, क्षेत्र आणि पीक नोंदवावे, थकबाकी पाहावी, मंजुरीचे पास लिहावेत आणि मग शेजपाळीची यादी करावी: अमक्या चारीवर अमक्या गटाला अमुक वारी अमुक वाजल्यापासून इतके तास. शेजपाळी म्हणजे शेजाऱ्यामागून शेजाऱ्याची पाळी. रिवाज असा की ती शेवटाकडून वर यावी. ज्याच्या शेताशी चारी संपते त्याचे भरणे आधी, आणि मग एकेक दार वरच्या बाजूला सरकत डोक्याकडच्याचे शेवटी. कागदावर ही रचना किती सुंदर आहे हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळले नव्हते. ती चारीवर उतरविताना किती जिवावर येते, हे मात्र पहिल्याच महिन्यात कळले.

एक रात्र आठवते. निमगाव केतकीच्या पुढच्या एका पोटचारीवर पाळी लागली होती, आणि वरून निरोप आला होता की पाणी पहाटेपूर्वी टेलला पोहोचत नाही. पाटकऱ्याबरोबर सायकलवरून तो निरोप सांगत सांगत मी शेवटच्या दाराशी गेलो, तर तिथे एक म्हातारा शेतकरी घोंगडी पांघरून, फावडे मांडीवर आडवे घेऊन बसलेला. थंडी मरणाची होती. चारी कोरडी ठणठणीत. कंदिलाच्या उजेडात तळाच्या गाळाला पडलेल्या भेगा दिसत होत्या. मी म्हटले, "बाबा, घरी जाऊन निजा. पाच वाजेपर्यंत काही येत नाही." त्याने माझ्याकडे पाहिले, चारीकडे पाहिले, आणि म्हणाला, "व्हय, येत नसंल. पर म्या नसताना आलं तर?"

तो रात्रभर बसला. दारं धरणे हा शब्द आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला लहानपणीच कळतो: पाणी आले की एका वाफ्याचे दार मोडून दुसऱ्याचे बांधायचे, सरीमागून सरी भिजवीत न्यायची, आणि हे बहुधा रात्रीचे. पण पाणी नसताना दारं धरून बसलेला माणूस मी त्या रात्री प्रथम पाहिला. पाणी साडेसहाला आले. आधी ओलसर वासाची एक झुळूक, मग पाचोळा आणि फेस पुढे ढकलीत येणारी एक बोटभर जाडीची मळकट जीभ. म्हातारा उठला, पायांतल्या वहाणा काढून बांधावर ठेवल्या, आणि काही न बोलता चारीत उतरला.

माझा जन्म मात्र मॉर्मन घरातला नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाच्या मिशनऱ्यांनी बारामतीत ठाणे मांडले आणि दौंड-इंदापूरपर्यंत आपले काम नेले. माझे आजोबा त्या मंडळीत आले. या पंथाची खूण अशी की प्रभुभोजन महिन्यातून एकदा किंवा सणासुदीला न करता दर प्रभुवारी करायचे. मराठी बायबलात या विधीला जो शब्द आहे तो मला अजून कोणत्याही भाषेतल्या शब्दापेक्षा गोड वाटतो: भाकर मोडणे. लहानपणी आई आम्हां भावंडांना रविवारी सकाळी न्हाऊ-माखू घालून म्हणायची, "चला, भाकर मोडायला जायचंय," आणि आम्हांला ती घरातलीच गोष्ट वाटायची. शेजारच्या काकूंकडे जेवायला जावे तशी. पेटीच्या सुरावर 'उपासना संगीता'तली गीते व्हायची, त्यांत रेव्हरंड टिळकांची पदे असायची, आणि मोरोपंतांच्या या गावात, जिथे पंतांनी एकच रामकथा नाना छंदांत पुन्हा पुन्हा सांगून अष्टोत्तरशत रामायणांची ख्याती मिळविली, तिथे तेच भोजन दर आठवड्याला पुन्हा करण्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटत नसे. पंतांना ऐंशीव्या रामायणाला आरंभ करताना हुरूप होता का, हे विचारायला मला आवडले असते.

साठी उलटल्यावर मी हैदराबादला मुलाकडे गेलो. नोकरीसाठी गेलेला मुलगा तिथे या नव्या मंडळीत आला होता. २०१२ साली भारतातला पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा संघ, तिथेच स्थापन झाला. मी पाहुणा म्हणून त्याच्या सभेला गेलो आणि दोन महिन्यांनी बाप्तिस्मा घेऊन परतलो. का, हे सांगायला वेगळा निबंध लागेल, आणि तो कदाचित मला लिहिता येणार नाही. मागाहून वाचताना एक गोष्ट कळली आणि तिने मला फार धीर दिला. १८३० साली अमेरिकेत जोसेफ स्मिथने ही मंडळी स्थापिली, आणि त्याच वर्षी ओहायोत तिच्यात जो सिडनी रिग्डन आपल्या अनेक अनुयायांसह आला, तो अलेक्झांडर कॅम्पबेलच्या चळवळीतला धर्मोपदेशक होता. आणि आमच्या ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांचा पंथ म्हणजे त्याच चळवळीची पुढची फांदी. कॅम्पबेलने पुढे नव्या पंथावर कडाडून टीका केली, दोन घरांचा संबंध तुटला तो तुटलाच. पण माझ्या आईने मला जिथून रविवारी हाताला धरून नेले तिथून मी अगदीच परक्या गावी आलो नव्हतो. तुटलेल्या भाऊबंदकीतल्या दुसऱ्या वाड्यात आलो होतो.

आमचे कुटुंब मात्र जुन्या वाड्यातच राहिले. जुन्या पिढीत पत्नीला 'आमची मंडळी' म्हणत, आणि ख्रिस्ती लोक चर्चलाही मंडळीच म्हणतात. या दोन मंडळ्यांमध्ये कुठली खरी आणि कुठली आधीची, असा प्रसंग माझ्यावर तिने कधी आणला नाही. ती साडेनवाला चालत तिच्या देवळात जाते, मी सहाच्या गाडीने माझ्या. दोघेही भाकर मोडूनच घरी येतो.

पुण्यात ही मंडळी नवी आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक १८५० च्या दशकात ह्यू फिंडले नावाचा या पंथाचा धर्मोपदेशक मुंबईहून पुण्यास आला होता आणि त्याने तिथे मूठभर माणसांची एक शाखा उभी केली होती. लष्करी अंमलदारांनी त्याला छावणीत उपदेशाची मनाई केली; चार-पाच वर्षांत सगळेच आवरते घ्यावे लागले. मी स्वारगेटवर उतरून रिक्षाची वाट पाहतो तेव्हा कधी कधी हा माणूस मनात येतो. दर रविवारी किती जण येतील याची त्याला आदल्या रात्री खात्री असेल का? पावसाळ्यात चिखल तुडवीत कोणी दोघेच आले, तर त्या दोघांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल?

आमच्या सभेत पगारी पाळक नाही. शाखाध्यक्ष एका कंपनीत नोकरी करणारा तरुण आहे, उपदेश सभासदच आळीपाळीने करतात, आणि प्रत्येकाला काहीतरी काम दिलेले असते. मी कारकून होतो हे कळल्यावर मला सहायक कारकुनाचे काम मिळाले. ते काम असे की सभा सुरू झाल्यावर एकदा उभे राहून डोकी मोजायची आणि आकडा लिहून ठेवायचा. हे इतके ओळखीचे काम देवाच्या घरी मिळेल असे मला वाटले नव्हते. मागच्या बाकावरून मी मोजतो: कॉलेजातली तीन मुले, आईच्या मांडीवर झोपलेले बाळ, नागालँडहून आलेली परिचारिका, नवऱ्याला न सांगता येणारी एक बाई. शेवटी स्वतःला मोजतो. एखाद्या रविवारी मी गेलो नाही तर कोणीतरी दुसरा मोजतोच. परंतु तो आकडा एकाने कमी असतो.

सभेचा गाभा म्हणजे भाकर आणि पाणी. द्राक्षारस नाही, पाणी. दोन तरुण टेबलापाशी पावाचे तुकडे करतात, गुडघे टेकून ठरलेली प्रार्थना म्हणतात, आणि तीत एक शब्द चुकला तर ती पुन्हा म्हणावी लागते. एकदा एक कोवळा मुलगा तीनदा अडखळला; त्याचे कान लाल झाले, आणि सारी सभा मान खाली घालून त्याच्यासाठी श्वास रोखून होती. चौथ्यांदा त्याने ती नीट म्हटली. मग तबके निघतात. ती एका हातातून दुसऱ्या हातात, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे सरकत सरकत शेवटच्या बाकापर्यंत येतात, आणि मी बसतो तो टेलचा बाक. बोटाच्या पेराएवढ्या पेल्यात एक घोट पाणी. ज्याने सारी हयात क्युसेक आणि तासांच्या हिशेबाने पाणी वाटले, त्याच्या वाट्याला आठवड्याचा कोटा म्हणून हा एक घोट येतो, आणि तो हातात घेताना पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. आता दर वेळी येत नाही. बहुतेक वेळा मी कोरडाच असतो आणि परतीच्या गाडीचा विचार करीत असतो.

या पंथाचे लोक १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात उतरले तेव्हा जमीन इतकी कठीण होती की नांगर लागेना. म्हणून त्यांनी आधी ओढ्याचे पाणी वळवून ती भिजविली आणि मग नांगरली. तिथेही पुढे पाण्याच्या पाळ्या लागल्या, पाटकरी नेमले गेले. हे वाचले तेव्हा मला दूर देशातला एखादा बदली होऊन गेलेला सहकारी भेटल्यासारखे वाटले.

मंडळीच्या नियमाने चहा सुटला, हे मात्र सोपे गेले नाही. सर्व बाजूंनी साखर कारखाने असलेल्या या मुलखात 'चहा घेत नाही' हे वाक्य जवळजवळ अपमानासारखे ऐकू येते, आणि भवानीनगरच्या जुन्या मित्रांकडे गेलो की अजूनही ते कप माझ्यासमोर ठेवतात, क्षणभर थांबतात, आणि मग दूध मागवितात. महिन्याच्या पहिल्या रविवारी तर उपवास असतो. आपल्याकडच्या उपवासासारखी साबुदाण्याची सोय त्यात नाही. दोन वेळ अन्न नाही, पाणीही नाही, आणि त्या जेवणाचे मोल गरजूंसाठी द्यायचे.

मार्च २०२० मध्ये जगभरच्या सभा बंद झाल्या आणि अनुमती मिळाली की घरोघरी हा विधी करावा. पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला. बेकऱ्या बंद होत्या, पाव मिळेना. कुटुंबाने काही न विचारता सकाळची ज्वारीची भाकरी आणून चतकोर माझ्यापुढे ठेवली. पावाचे तुकडे होताना आवाज होत नाही. भाकरीचा पापुद्रा मोडताना कट्‌ असा एक बारीक आवाज होतो, आणि पिठाची भुकटी पंचावर पडते. मला तो आवाज आला आणि आईचे 'भाकर मोडायला जायचंय' हे शब्द साठ वर्षांनी त्यांच्या मूळ अर्थाने ऐकू आले. मी हिंदीतली प्रार्थना वाचली, चुकलो, पुन्हा वाचली. ताटली तिच्यापुढे सरकविली. तिने एक तुकडा घेतला, डोक्यावर पदर ओढून घेतला, आणि ताटली परत माझ्याकडे सरकविली.

असे महिनोन्‌महिने चालले, आणि ते दिवस फार सुखाचे होते. म्हणूनच सभा पुन्हा सुरू झाल्यावर माझे पाय निघेनात. घरी भाकर आहे, पाणी आहे, प्रार्थनेचा कागद आहे, समोर सोबतीण आहे. मग अंधारात उठून दिवे घाट कशाला उतरायचा? अकरा रविवार मी गेलो नाही. घरचा विधी तर सभा सुरू झाल्या तसा संपलाच होता. कोणी रागावले नाही. शाखाध्यक्षाने दोनदा फोन करून प्रकृती विचारली. त्या अकरा आठवड्यांत मला काही दुःख झाले असे नाही, हेच मला आज भयंकर वाटते: कोरडेपणा आला तो दुखत दुखत आला नाही. आवर्तन बंद झाल्यावर पाट एकदम सुकत नाही. आठ-दहा दिवस डबकी राहतात, त्यांत मासे असतात, पोरे खेळतात, आणि पाट अजून वाहतोच आहे असे लांबून वाटते.

बाराव्या रविवारी मी गेलो, तो काही साक्षात्कार होऊन नव्हे. आदल्या संध्याकाळी कालव्याच्या भरावावर बसलो असताना तो घोंगडीवाला म्हातारा आठवला. त्याचे नाव मी यादीत स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि आज ते मला आठवत नाही. त्याचे पाय आठवतात, वहाणा काढलेले.

तर गेल्या रविवारी, कालवा थांबल्याने जाग आली त्या दिवशी, मी निघालो. महिन्याचा पहिला रविवार असल्याने डबा नव्हता. मोरगावला उजाडले. जेजुरीला गाडी माणसांनी भरली, कारण रविवार हा खंडोबाचाही वार, आणि पहाटेच गड चढून आलेली मंडळी पिवळ्या कपाळांनी, पिवळ्या बाह्यांनी आत शिरली. माझ्याच वयाचा एक धनगर शेजारी टेकला. दम खात होता. नऊ लाख पायऱ्या म्हणतात, पण गुडघे मोजतात ते वेगळेच, असे म्हणून तो हसला. मी विचारले, नेहमी येता? "दर ऐतवारी न्हाई होत," तो म्हणाला, "पर होईल तवा येतो. त्यो वळखतो मग." सासवडला उतरताना त्याने धोतराच्या सोग्यातून भंडारा लागलेला खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मला उपवास होता. मी तो रुमालात बांधून खिशात ठेवला.

सभेत त्या दिवशी एकवीस डोकी भरली, मला धरून. भाकरीचे तबक आले, मग पाण्याचे आले. पेला उचलताना पाहिले तर अंगठा आणि तर्जनी, दोन्हींच्या पेरांवर हळदीचा पिवळा रंग अजून होता. स्वारगेटला हात धुतले होते तरी. पुढच्या बाकावरचे बाळ आईच्या खांद्यावरून त्या बोटांकडे टक लावून पाहत होते. मी पाणी घेतले आणि रिकामा पेला शेजारच्या मुलाकडे दिला.